भाऊसाहेब, एक विचारू? : 'पड' लिहिलेल्या जमिनीची गोष्ट

या सदरात एरवी वारसनोंद, वाटणीपत्र आणि शेजाऱ्याने रातोरात सरकवलेला गडगा, म्हणजे हद्दीचा दगडी बांध, यांच्यापलीकडे पत्रं जात नाहीत. मागच्या अंकात राजापूर तालुक्यातल्या बारसूचा, तिथे सुचवलेल्या तेल रिफायनरीपायी, एका वाक्यात उल्लेख केला आणि टपाल दुप्पट झालं. तेव्हा या वेळी गडगे जिथे आहेत तिथे राहू देत. रिफायनरीच्या जमिनीवरची पाच पत्रं घेतो. नावं पत्रलेखकांच्याच विनंतीवरून गाळली आहेत. मी तीस वर्षं तलाठी होतो. वकील नाही, पुढारी तर नाहीच. जे सांगेन ते दप्तराच्या बाजूने.

"भाऊसाहेब, माझे वडील गिरणीत होते, मी नालासोपाऱ्याला राहतो. राजापूर तालुक्यात आजोबांपासून आलेली जमीन आहे, सातबाऱ्यावर अठरा नावं. त्यातला मोठा तुकडा सड्यावर, म्हणजे वरच्या पठारावर, नुसता कातळ. गेल्या महिन्यात एक गृहस्थ घरी येऊन गेले. म्हणाले, तुमच्यापुरती सही करा, कुलमुखत्यारपत्र तयार आहे, पैसे लगेच. तिथे कुसळ उगवत नाही हे मलाही माहीत आहे. गावचे लोक मात्र 2023 साली त्याच कातळासाठी पोलिसांच्या गाड्यांपुढे आडवे झाले. कातळासाठी एवढं? सही करू का?" (एक चाकरमानी, नालासोपारा)

आधी सहीचं बोलू. कातळ कुठे पळून जात नाही, सही मात्र उद्या होऊन बसेल.

कुलमुखत्यारपत्र म्हणजे आपला उजवा हात दुसऱ्याच्या खिशात ठेवणं. तो पुढे कुठे कुठे सह्या करील ते तुम्हाला कळेलच असं नाही. दुसरं, अठरा नावांच्या सातबाऱ्यावर तुमचा हिस्सा कागदावर आहे, जमिनीवर नाही. कुठला कोपरा तुमचा, ते ब्रह्मदेवाला माहीत नाही. तरी असा न वाटलेला हिस्सा विकता येतो, आणि तिथेच मेख आहे. विकला की घेणारा माणूस तुमच्या काकूच्या शेजारी सहहिस्सेदार म्हणून सातबाऱ्यावर येऊन बसतो आणि सवडीने वाटप मागतो. काकूला पत्ताही नसतो. आत्यांची नावं लागली आहेत का तेही बघा. कोकणात आत्यांना गौरीला ओवसा मिळतो, सातबारा मिळायला मात्र त्या मराव्या लागतात.

व्यवहार झाला की फेरफार पडतो. मग नमुना नऊची नोटीस सगळ्या हितसंबंधितांना जाते, पंधरा दिवसांत हरकत घेता येते आणि आलेली हरकत विवादग्रस्त प्रकरणांच्या नोंदवहीत चढते. कागदोपत्री सगळं चोख. पण नोटीस जाते गावच्या घरी, आणि गावचं घर गणपती ते गणपती बंद. दाराच्या कडीत अडकवलेली नोटीस पावसात लगदा होऊन लोंबताना मी पाहिली आहे. अडकवणारा मीच होतो. म्हणून मुंबईच्या मंडळींना माझं एकच सांगणं असतं : सातबारा आता मोबाइलवर दिसतो, महिन्यातून एकदा बघत जा. सिनेमाच्या तिकिटाएवढाही खर्च नाही.

त्या भागात जमिनीची खरेदी-विक्री हा साधा विषय उरलेला नाही, हेही लक्षात असू द्या. प्रकल्पाची कुणकुण लागली की बाहेरचे लोक आधी सडे घेऊन ठेवतात, हे बारसूच्या आधी जिथे रिफायनरी ठरली होती त्या नाणारपासून चालत आलं आहे. फेब्रुवारी 2023 मध्ये राजापूरचे पत्रकार शशिकांत वारिशे यांची बातमी छापून आली, रिफायनरीच्या बाजूने वावरणाऱ्या एका जमीन व्यावसायिकाबद्दलची. त्याच दिवशी त्यांच्या दुचाकीला गाडीने उडवलं. दुसऱ्या दिवशी ते गेले. खुनाचा गुन्हा नोंदवला गेला. तुमच्या घरी आलेले गृहस्थ सज्जनही असतील. तरी सही करू नका. निदान अठरा जणांची एक बैठक होईपर्यंत तरी नाही. दादरला घ्या, नालासोपाऱ्याला घ्या, पण काकूला फोनवर घ्या.

आता कातळ.

सातबारा म्हणजे खरं तर दोन नमुने. सात हा हक्काचा, बारा हा पिकाचा. बाराच्या एका कडेला 'लागवडीसाठी उपलब्ध नसलेली जमीन' असा रकाना आहे, त्याच्याखाली दोन छोटे : स्वरूप आणि क्षेत्र. जुन्या नोंदवहीत 'स्वरूप'ची रुंदी माझ्या अंगठ्याएवढी होती. तेवढ्यात मावेल असा एकच शब्द मी वर्षानुवर्षं लिहीत आलो : पड. जरा जागा असली तर 'गवतपड'. सात नमुन्यात तीच जमीन पोटखराबा. आकार काही पैसे, कधी तेवढाही नाही.

हा शब्द मी कसा लिहायचो ते सांगतो, नाहीतर तुम्हाला वाटेल सरकार मोजून-मापून लिहितं. पीकपाहणी शेतात जाऊन करायची असते. मी करायचो पोलीसपाटलाच्या ओटीवर, चहा पीत, गेल्या वर्षीच्या नोंदी या वर्षीच्या पानावर उतरवून. 1986 च्या पावसाळ्यात एका वाडीवर असाच बसलो होतो. एक म्हातारी कुणबीण आली, कमरेला विळा, डोक्यावर इरलं. विचारलं, माझ्या सड्यावर काय लिवलंस? म्हटलं, पड. ती काही बोलली नाही. माझी छत्री उचलली आणि चालू लागली. छत्रीपायी मला मागे जावं लागलं.

पाखाडी चढून वर गेलो. वहाणा हातात, कारण ओल्या कातळावर शेवाळ असतं आणि सरकारी नोकर पडला तरी हाड मोडतं. वर पाहतो तर सगळा सडा गवताने हिरवागार, मधल्या उथळ खळग्यांत पाणी, पाण्याच्या कडेने सीतेच्या आसवांची निळी-जांभळी पसरण. मातीचा थर जिथे टीचभर आहे तिथे तिची नाचणी. वाडीतली पंधरा-वीस गुरं चरत होती. पुढे एका भेगेत पाणी गोल फिरत आत जात होतं, गुडगुड आवाज करत. म्हातारी तिथे उभी राहिली, पुन्हा काही न बोलता. मग मला उतारावरून खाली तिच्या विहिरीवर नेलं. विहिरीच्या अंगातून, चिऱ्याच्या जाडीतून, मनगटाएवढी धार पडत होती. म्हणाली, "ह्यां पानी खयसून येता, ता आता लिव."

जांभा दगड सच्छिद्र. वर कोसळलेला पाऊस तो पोटात घेतो आणि सड्याच्या कडेने, वाड्यांच्या डोक्यावर, झऱ्यांतून हळूहळू सोडतो. राजापुरात तीन हजार मिलिमीटरच्या वर पाऊस पडतो आणि तरी एप्रिलमध्ये विहिरी तळ दाखवतात. मधले महिने निघतात ते या पोटातल्या पाण्यावर. वर कोंडा टाकला तर तो खाली विहिरीत निघतो, असंही म्हातारी म्हणाली. मी टाकून बघितला नाही. तेव्हा घाई होती, आता पश्चात्ताप आहे.

हे सगळं अंगठ्याएवढ्या रकान्यात लिहायचं कसं? मी 'गवतपड' लिहिलं. तिला वाचता येत नव्हतं. तिने विचारलं, लिवलंस? मी म्हटलं, लिहिलं.

ही चूक माझी, दुसऱ्या कुणाच्या नावावर टाकत नाही. पण असे शब्द दप्तरात राहत नाहीत, वर चढत जातात. जानेवारी 2022 मध्ये राज्याच्या तेव्हाच्या मुख्यमंत्र्यांनी पंतप्रधानांना पत्र लिहून रिफायनरीसाठी बारसूची सुमारे 13,000 एकर जमीन सुचवली. आणखी 2,144 एकर नाटे गावात, तेल उतरवण्याच्या टर्मिनलसाठी. बारसूची जमीन बहुतांश ओसाड आहे, घरं-वाड्या उठणार नाहीत, हा त्या पत्रातला मुद्दा होता. 'ओसाड' हे त्यांना स्वप्नात दिसलं नसणार. कुठल्या तरी तक्त्यातून आलं असेल, तक्ता तहसिलातून, तहसिलात कुणा माझ्यासारख्याच्या वहीतून.

म्हणून एप्रिल 2023 मध्ये माती परीक्षणाची यंत्रं बारसूच्या सड्यावर चढली तेव्हा बाया आडव्या झाल्या, उन्हात, लेकरं घेऊन. अश्रुधूर, लाठ्या, शंभराहून जास्त लोक ताब्यात. टीव्हीवर तुम्ही 'कातळासाठी एवढं' पाहिलं. त्या आपल्या विहिरीच्या वरच्या बाजूला झोपल्या होत्या.

आणि कुसळ उगवत नाही म्हणता, तर जरा देवगडकडे बघा. तिथे कातळात सुरुंग लावून खड्डे केले, बाहेरची माती भरली आणि हापूसची कलमं लावली. 1990 नंतर रोजगार हमीच्या फळबाग योजनेत तर मी स्वतः 'खडक' लिहिलेल्या गटांवर कलमं उभी राहिलेली पाहिली. 2018 साली ज्या हापूसला भौगोलिक मानांकन मिळालं, त्याच्या कित्येक बागा कागदावर एके काळी पोटखराबा होत्या.

"तुम्ही कोकणातले लोक सगळ्यालाच विरोध करता. एन्रॉन नको, जैतापूर नको, नाणार नको, बारसू नको. पण गाडीत पेट्रोल मात्र हवं. मी केमिकल इंजिनिअरिंग करतोय, कोकणात नोकरी मिळाली असती तर मला गुजरातला जायचा विचार करावा लागला नसता. रागावू नका." (एक विद्यार्थी, कोल्हापूर)

रागावत कशाला? तुमचं पत्र मला आवडलं. मोठी बहीण नोकरी करून शिकवतेय, तेही तुम्ही त्यात लिहिलं आहे. माझ्याकडेही स्कूटर आहे आणि ती पाण्यावर चालत नाही.

तुमच्या बाजूचे लोक राजापुरातही आहेत, आणि ते काही विकले गेलेले नाहीत. ज्याचा मुलगा बी. कॉम. होऊन बदलापूरच्या खोलीत चौघांत राहतो, त्या बापाला रिफायनरी हवी असेल तर त्याला गद्दार म्हणायची माझी तयारी नाही. स्थानिक आमदारानेही प्रकल्पाच्या बाजूने उघड भूमिका घेतली होती. कोकण एकमुखाने नाही म्हणतं, हे चित्र विरोधकांना सोयीचं आहे म्हणून खरं होत नाही.

पण 'सगळ्यालाच विरोध' हे जे तुम्ही एका दमात म्हणता, त्यातला एकेक उलगडून बघा. एन्रॉनचा दाभोळ वीजप्रकल्प गुहागरला आला. 3 जून 1997 च्या पहाटे वेलदूर या कोळ्यांच्या गावात पोलीस घराघरात शिरले, बायकांना ओढून काढून मारलं. जगभरच्या मानवाधिकार संस्थांनी ते नोंदवून ठेवलं आहे. त्या बायकांना तेव्हा विकासाच्या आड येणाऱ्या म्हटलं गेलं. चार वर्षांत विजेचा दर राज्याला परवडेना, 2001 च्या मध्यावर प्रकल्प बंद पडला आणि त्याच डिसेंबरात कंपनी अमेरिकेत बुडाली. वेलदूरच्या बायकांनी ताळेबंद वाचले नव्हते. तरी कोण बरोबर निघालं ते तुम्हीच सांगा. जैतापूरच्या अणुवीज प्रकल्पाच्या वेळी एप्रिल 2011 मध्ये साखरी नाट्याला पोलीस गोळीबारात एक तरुण मच्छीमार गेला. आणि तेलाचं टर्मिनल सुचवलं ते कुठे? त्याच नाट्याला. खाडीच्या त्या काठावरचा माणूस दुसऱ्यांदा नोटीस वाचतोय. तो पहिल्या वेळेसारखी वाचणार नाही.

नाणारचंही ऐका. तीन सरकारी तेल कंपन्यांनी 2017 साली मिळून कंपनी काढली. वर्षाला सहा कोटी टन तेल शुद्ध करायचं, खर्च तीन लाख कोटी. पुढच्या वर्षी सौदी अरेबिया आणि अबू धाबीच्या तेल कंपन्या भागीदारीला आल्या. राजापुरातली चौदा आणि देवगडातली दोन गावं अधिसूचनेत आली. गावांना विचारणा झाली ती अधिसूचना निघाल्यावर. 2019 च्या लोकसभा निवडणुकीच्या तोंडावर युतीची बोलणी झाली आणि मार्चमध्ये अधिसूचना रद्द. गंमत बघा, आणताना गावांना विचारलं नाही आणि नेतानाही ठरलं ते मुंबईतल्या बैठकीत.

रिफायनरी कुठेतरी होणारच, हे तुमचं म्हणणं मला मान्य आहे. मुंबईत ती 1950 च्या दशकातच झाली, माहुलला. तिथले मूळचे कोळी दोन पिढ्या धूर आणि टाक्यांच्या मध्ये राहतात. हवेच्या तक्रारीसाठी त्यांना हरित न्यायाधिकरणात जावं लागलं आणि 2015 मध्ये न्यायाधिकरणाने तिथली हवा आरोग्याला घातक असल्याचं मान्य केलं. परीक्षा झाली की एकदा माहुलगावात जाऊन या. कुर्ल्याला उतरलात की बस मिळते. उगाच टोमणा म्हणून सांगत नाही, तुमच्या शाखेच्या मुलाने वास ओळखायला शिकलंच पाहिजे.

"मी तलासरीजवळच्या पाड्यावर शिक्षिका आहे, वारली समाजातली. आमच्याकडे पेसा, म्हणजे अनुसूचित (आदिवासी) क्षेत्रातल्या ग्रामसभांना अधिकार देणारा कायदा आहे. बारसूच्या आसपासच्या ग्रामसभांनी रिफायनरीविरुद्ध ठराव केले असं वाचलं, तरी माती परीक्षण झालंच. मग ग्रामसभेच्या 'नाही'ला काही किंमत असते की नसते? दुसऱ्या देशांत आदिवासींनी तेल कंपन्यांना परत पाठवलं म्हणतात, ते कसं?" (एक शिक्षिका, जि. पालघर)

ताई, तुमचा प्रश्न या सगळ्यांत अवघड आहे. सरळ उत्तर कडू आहे, आधी तेच देतो.

राजापूर तालुका अनुसूचित क्षेत्रात नाही. तिथे कुणबी आहेत, भंडारी आहेत, खारवी आणि मुसलमान मच्छीमार आहेत. जमिनीशी नातं तुमच्याइतकंच जुनं असेल, पण पेसा त्यांना लागू नाही. जमीन घेतली जाते ती महाराष्ट्र औद्योगिक विकास अधिनियम 1961 खाली. त्यात अमुक टक्के लोकांची संमती हवी अशी अट नाही आणि सामाजिक परिणामांच्या अभ्यासाचीही नाही. कलम 32(2) ची नोटीस येते : तुमची जमीन का घेऊ नये ते सांगा. तुम्ही सांगता. ऐकून घेतात. मग 32(1) खाली राजपत्रात प्रसिद्ध झालं की जमीन सरकारची. अशा ठिकाणी ग्रामसभेचा ठराव म्हणजे गावाने सरकारला लिहिलेलं पत्र. पत्राला वजन असतं, पण ते निवडणूक किती जवळ आहे त्यावर.

तुमच्या पाड्यावर पेसा आहे, पण तोही नीट वाचा. जमीन घेण्याआधी ग्रामसभेशी 'विचारविनिमय' करा असं तो कायदा म्हणतो. विचारविनिमय आणि होकार यांच्यात एक सबंध कचेरी मावते. ओडिशात नियमगिरीला डोंगरिया कोंधांच्या बारा ग्रामसभांनी 2013 साली एकामागून एक नाही म्हटलं आणि ते टिकलं. ते बॉक्साइट होतं, तेल नव्हे. पण टिकलं ते वनहक्क कायद्यामुळे आणि सर्वोच्च न्यायालयाने प्रश्न ग्रामसभांपुढे ठेवायला लावला म्हणून. तुमच्याकडे सामूहिक वनहक्काचे दावे भरलेले आहेत का? नसतील तर उद्या शाळा सुटल्यावर पहिलं काम ते.

आपल्याच देशात तेल अडवलं गेल्याचं एक उदाहरण आहे, फारसं कुणाला ठाऊक नसलेलं. नागालँडमध्ये वोखा जिल्ह्यात चांगपांग इथे लोथा नागांच्या जमिनीत 1970 च्या दशकात तेल सापडलं. उपसा सुरू झाला, आणि 1994 मध्ये लोकांच्या विरोधाने बंद पडला. नागांच्या हाती संविधानाचं कलम 371अ आहे. जमीन आणि तिच्या संपत्तीची मालकी याबाबत संसदेचा कायदा तिथे विधानसभेने ठराव केल्याशिवाय लागत नाही. त्यामुळे तिथे भांडण 'घेऊ की नको' असं नसतं. तेल कुणाचं, इथून सुरू होतं. राजापूरच्या माणसाचं भांडण मोबदल्यापासून सुरू होतं. फरक एवढाच, पण तो फार मोठा.

बाहेरच्या देशांतलं विचारता तर सारायाकूची गोष्ट सांगतो. अठरा नावांच्या सातबाऱ्यावर आयुष्य काढलेल्या माणसाला ती कळते म्हणून. इक्वाडोर देशात बोबोनासा नदीच्या काठी सारायाकू म्हणून किचवा लोकांचं गाव आहे, वस्ती हजार-बाराशे. 1996 मध्ये सरकारने एका अर्जेंटिनी तेल कंपनीला तिथे तेल शोधायचा परवाना दिला, गावाला न विचारता. पुढे कंपनीने आरोग्य पथक पाठवलं. तपासून घ्यायला आलेल्यांच्या सह्या घेतल्या, आणि त्याच सह्या नंतर पाठिंब्याच्या पत्राला वापरल्या, असं लोकांनी न्यायालयात सांगितलं. नालासोपाऱ्याच्या वाचकांनी हे वाक्य पुन्हा वाचावं.

2002-03 मध्ये जमिनीखाली तेल आहे का ते तपासायला जंगलात भोकं पाडून स्फोटकं पुरली गेली, चौदाशे किलोच्या वर. बायका-पुरुष महिनोन्महिने जंगलात तळ ठोकून पहाऱ्याला राहिले. त्या काळात शेती बुडाली, अन्न तुटलं. खटला आंतर-अमेरिकी मानवाधिकार न्यायालयात गेला. 2012 च्या एप्रिलमध्ये न्यायालयाची मंडळी प्रत्यक्ष गावात जाऊन आली. त्या न्यायालयाने जागेवर जाऊन पाहणी केल्याची ती पहिलीच वेळ. मी पोलीसपाटलाच्या ओटीवरून पीकपाहणी करायचो आणि ते न्यायाधीश जंगलात उतरले. जूनमध्ये निकाल लागला : सरकारने आधी विचारायला हवं होतं, स्फोटकं काढा, माफी मागा. 2014 मध्ये मंत्र्यांनी गावात येऊन माफी मागितली. स्फोटकं मात्र बरीचशी तिथेच राहिली. निकाल लागला म्हणजे कब्जा मिळाला असं नाही, हे मामलेदार कचेरीच्या बाकावर बसलेल्या कुणालाही ठाऊक असतं.

सारायाकूचे लोक आपल्या रानाला 'कावसाक साचा' म्हणतात, जिवंत जंगल. सरकारी नकाशात त्याच रानाचं नाव होतं 'ब्लॉक 23'.

त्याच देशात ऑगस्ट 2023 मध्ये यासुनी नावाच्या राष्ट्रीय उद्यानाखालचं तेल काढायचं की जमिनीतच ठेवायचं यावर सबंध देशाचं मतदान झालं. सुमारे 59 टक्के लोक म्हणाले, ठेवा. बारसूला बाया सड्यावर झोपल्या त्याला तेव्हा चार महिने झाले होते. सारायाकूची म्हातारी आणि माझी छत्री पळवणारी म्हातारी, दोघींचं म्हणणं मला एकच ऐकू येतं. फक्त एकीचं तिथल्या न्यायालयाने लिहून घेतलं.

"कातळशिल्पं वाचवायची म्हणून सगळी जमीन अडवायची का? चित्राभोवती कुंपण घाला, बाकीचं वापरा. सोपं आहे." (एक वाचक, ठाणे)

सोपं आहे खरं. बारसूच्या शिल्पात एक माणूस आहे आणि त्याच्या दोन बाजूंना दोन वाघ. कोकणातली जी नऊ ठिकाणं 2022 मध्ये युनेस्कोच्या तात्पुरत्या यादीत गेली, त्यात बारसू आहे, शेजारचं देवाचं गोठणं आहे, देवीहसोळही आहे. म्हणजे तुम्ही म्हणता तो रिकामा सडा किती तरी हजार वर्षांपूर्वीच कुणाला तरी चित्र काढण्यालायक वाटला होता. कुंपण घातलं तर आतला माणूस आणि वाघ राहतील. मात्र ते कुठल्या सड्यावर उभे आहेत ते त्यांना विचारू नका.

"आमच्या वाडीत एका घराने संमतिपत्र दिलं, आम्ही असंमतिपत्र दिलं. दोन घरांचं बोलणं बंद आहे. पूर्वी त्यांच्या गणपतीची आरती आमच्याकडचे म्हणायचे, कारण त्यांच्याकडे कुणाला सूर नाही. यंदा जायचं की नाही? सासूबाई नको म्हणतात." (एक सून, राजापूर तालुका)

जा. सासूबाईंनाही न्या.

त्यांचं संमतिपत्र त्यांच्या गटापुरतं, तुमचं असंमतिपत्र तुमच्या. दोन्हींची पोच घेतलेली असली म्हणजे झालं. घेतली आहे ना? नसेल तर आजच घ्या. अर्जाची दुसरी प्रत, त्यावर आवक क्रमांक, तारीख, शिक्का. आणि गट नंबर स्वतःच्या अक्षरात लिहा. एकाच मजकुराच्या छापील अर्जावर शंभर सह्या असल्या की कचेरीत तो एकच अर्ज मोजला जातो. मी मोजलेला आहे.

आणखी एक काम, गणपतीच्या आधी उरकून टाका. पीकपाहणी आता तलाठ्याच्या हातात नाही. 2021 पासून ई-पीक पाहणी खातेदाराने स्वतः मोबाइलवर करायची असते, शेतात उभं राहून फोटो काढून. तुमच्या सड्यावर नाचणी असेल, काजू असेल, कलमं असतील तर तुम्हीच नोंदवा. सड्यावर रेंज नसते हे मला माहीत आहे. गडग्यावर चढलं की एक दांडी येते.

आरतीला जाताना परसातलं तवसं घेऊन जा. त्यांच्याकडचं यंदा पावसाने कुजलं, असं तुम्हीच पत्रात लिहिलं आहे.